खिशातला संगणक आणि गावचे दफ्तर

आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांची जुनी पेटी उघडली, तर जमिनीच्या कागदांत बहुधा एकाहून अधिक लिप्या आढळतात. निजामी अमलातले कागद उर्दूत, आंध्र प्रदेशाच्या स्थापनेनंतरचे हळूहळू तेलुगूत, आणि कोठे समासात कोणा वडीलधाऱ्याने स्वतःच्या समजुतीसाठी घातलेली मराठी टिपणे. जमीन आपली, पण तिचा कागद वाचायला दुसऱ्याकडे जावे लागे. तो दुसरा म्हणजे पटवारी. गावाची सारी माहिती त्याच्या बस्त्यात असे आणि बस्त्याची गाठ त्याच्याच हाताने सुटे. १९८४ साली आंध्र प्रदेशात पटेल-पटवाऱ्यांची वंशपरंपरा संपुष्टात आली, पुढे कागदांच्या जागी संगणक आला. परंतु महसुली नोकरीत आयुष्य घालवलेल्या आम्हां मंडळींना एक प्रश्न नेहमी पडत आला आहे. दफ्तर यंत्रात गेले खरे, पण त्याची गाठ सोडण्याचा अधिकार कोणाकडे गेला?

या प्रश्नाच्या अनुषंगाने एका विस्मृतीत गेलेल्या भारतीय यंत्राची कथा येथे सांगावीशी वाटते. त्याचे नाव सिम्प्युटर.

१९९८ साली बंगळूर येथे विकसनशील देशांसाठी माहिती-तंत्रज्ञान या विषयावर एक परिषद भरली होती. तेथे झालेल्या विचारविनिमयातून भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन व व्ही. विनय या चार अध्यापकांनी, आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी, सामान्य माणसाला परवडेल असा हातात मावणारा संगणक बनवण्याचे मनावर घेतले. देशपांडे हे आडनाव वाचून आपल्या वाचकांचे कान टवकारतील. परगण्याचा हिशेब ठेवणाऱ्या वतनदाराचे हे नाव कर्नाटकातही तितकेच रुळलेले आहे, तेव्हा त्यावरून भाषेचा दाखला काढण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. दफ्तराशी असलेले त्या नावाचे नाते मात्र या कथेत शोभून दिसते.

२००१ साली सिम्प्युटरचा पहिला नमुना लोकांसमोर आला. आत इंटेलचा स्ट्राँगआर्म जातीचा प्रक्रियक, वर बोटाने वा काडीने लिहिता येईल असा काळा-पांढरा पडदा, आणि सर्वांच्या मुळाशी लिनक्स ही मुक्त प्रणाली. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास राहावी असा मानस होता. निरक्षर माणसाला पडद्यावरचा मजकूर यंत्राने वाचून दाखवावा, तोही हिंदी, कन्नड, तमिळ अशा भाषांत, ही त्यामागची मुख्य कल्पना. नऊ हजारही शेतमजुराला जड, म्हणून यंत्रात स्मार्ट कार्डासाठी खाच ठेवली होती. यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे. काम संपले की आपली माहिती कार्डात घेऊन माणूस घरी जाई, आणि तेच यंत्र पुढच्याच्या हाती देता येई. पटवाऱ्याच्या बस्त्याची ही बरोबर उलट रीत होती, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत ब्रूस स्टर्लिंग या लेखकाने वर्षातला सर्वांत महत्त्वाचा संगणकीय शोध म्हणून सिम्प्युटरचाच गौरव केला होता.

परंतु आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या परवान्यात होती. सिम्प्युटर न्यासाने यंत्राचा आराखडाच खुला केला. ज्याला अभ्यासायचा त्याने अभ्यासावा, बदलायचा त्याने बदलावा. विक्रीसाठी उत्पादन करायचे असल्यास मात्र एकवार शुल्क भरावे, आणि ते विकसनशील देशांतील उत्पादकाला श्रीमंत देशांतील उत्पादकाच्या मानाने पुष्कळच कमी. आज्ञावली, म्हणजे व्यवहारात ज्याला प्रोग्रॅम म्हणतात ती, कोणीही लिहावी. त्यासाठी आयएमएल नावाची एक सोपी चिन्हभाषाही घडवण्यात आली.

या खुलेपणाचे फळ गावात कमी आणि कामाच्या जागी अधिक दिसले. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी ही यंत्रे वापरली गेली, छत्तीसगडात शाळांमध्ये. आपल्या मराठी मुलखाजवळची दोन उदाहरणे आम्हांला विशेष वाटतात. गोव्यात डेंपो कंपनीने खाणीच्या तोंडापासून जहाजापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाची नोंद ठेवण्यासाठी सिम्प्युटर हाती घेतला, आणि मुंबईत महिंद्र कंपनीने वाहनांच्या इंजिनातील दोष शोधण्यासाठी. दोन्ही कामे टेबलावरची नव्हेत. ती उन्हातली, धुळीतली, रस्त्यावरची. अशा जागी कोणती नोंद हवी हे तेथे उभा असलेला माणूसच जाणतो, आणि आज्ञावली बदलण्याची मुभा असली तर त्या जाणतेपणाचा उपयोग होतो.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. सिम्प्युटरसाठी आज्ञावली लिहायची ती सामान्यतः टेबलावरच्या मोठ्या संगणकावर, आणि मग यंत्रात उतरवायची. प्रवासात, खिशातल्या यंत्रावरच बसून ती लिहावी, ही हौस जपानच्या शार्प कंपनीच्या झॉरसने पुरवली. २००२ साली आलेल्या त्याच्या एका नमुन्यातही स्ट्राँगआर्मच होता आणि लिनक्सच होते. शिवाय खालचा भाग सरकवला की बारीक बटणांचा कळफलक बाहेर येई. पर्ल, पायथन या आज्ञावलीच्या भाषा त्यावर चालत, आणि आगगाडीत, विमानतळावर बसून त्यावर काम करणारे हौशी जगभर निर्माण झाले. २००९ चा नोकियाचा एन९०० हा त्याच घराण्यातला. ही यंत्रे निष्णातांची होती. शेतकऱ्यासाठी बनवलेल्या यंत्रावर लिहिण्याची सोय अपुरी राहावी आणि लिहिण्याची सोय असलेले यंत्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचू नये, ही या इतिहासातली खरी खंत आहे.

सिम्प्युटरचा पुढचा प्रवास थोडक्यात आटोपतो. २००४ साली पिकोपेटा कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाच्या साहाय्याने ‘अमिडा’ सिम्प्युटर बाजारात आणला. सर्वांत साधा नमुना दहा हजारांच्या आत होता, पण रंगीत पडद्याचा जवळजवळ वीस हजारांना पडे. पन्नास हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. २००५ पर्यंत सुमारे चार हजारच खपली. तोवर २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने पाचशे एक रुपयांत मोबाईल हाती देण्याची योजना काढली होती, आणि गावोगावच्या माणसाने आपला निवाडा करून टाकला होता. त्याला आधी बोलायचे होते. त्यात त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात जो अँड्रॉइडचा फोन आहे त्याच्याही गाभ्यात लिनक्सच आहे. म्हणजे बंगळूरच्या त्या मंडळींची पायाभरणीची निवड बरोबर होती. फरक आहे तो गाठीचा. फोनच्या अंतरंगात काय बदलावे हे बहुतांशी बनवणारा ठरवतो. २०१५ पासून टर्मक्स नावाचे एक मोफत ॲप मिळते. ते घेतले की साध्या फोनवरही पायथनची आज्ञावली लिहून चालवता येते. उटनूरहून आदिलाबादला येणाऱ्या बसमध्ये बसलेला महाविद्यालयीन मुलगा आपल्या बापाच्या कापसाचा वजन-भावाचा हिशेब स्वतः रचू शकतो, ही शक्यता आपल्या काळात आम्हांला स्वप्नातही सुचली नसती. घरातल्या नातवंडांना हे ठाऊक आहे काय, याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी.

भाषेच्या बाबतीत ही गाठ अधिकच जाणवते. मराठीचे त्या मानाने बरे चालले. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे. आपल्या शेजाऱ्यांचे तसे नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाला हे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते मिळाली, आणि हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. तिच्या अक्षरांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१८ च्या जूनमध्ये. ‘नोटो’ या मोफत अक्षरमालिकेत आता गुंजाला गोंडीचाही ठसा आहे. लिनक्सच्या संगणकावर त्याची फाईल ठरलेल्या फोल्डरात ठेवली की ती अक्षरे पडद्यावर उमटतात. खिशातल्या फोनवर ती उमटतील की नुसते रिकामे चौकोन दिसतील, हे त्या फोनच्या निर्मात्याने ती फाईल आधीच आत घातली आहे की नाही, यावर अवलंबून असते.