आधुनिक कोरियन कथासाहित्यातील स्वर्गकल्पना

आधुनिक कोरियन कथासाहित्यात स्वर्गाची कल्पना अनेकदा बेटाच्या रूपाने येते. तो स्वर्ग कोणी आखला आणि त्या बेटावर राहणाऱ्यांची ओळख कोण ठरवतो, हे प्रश्न तिच्याशी जोडलेले असतात. दक्षिण कोरियाचे कादंबरीकार यी चाँग-जून (१९३९–२००८) यांच्या दोन कृतींत ते विशेष ठळकपणे दिसतात.

‘तुमचा स्वर्ग’

१९७६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली ही कादंबरी सोरोकदो बेटावर घडते. दक्षिण किनाऱ्यालगतच्या या बेटावर जपानी राजवटीने १९१६ मध्ये कुष्ठरुग्णालय स्थापन केले. रुग्णांना तेथे सक्तीने ठेवले जाई, वेठीस धरून राबवले जाई आणि त्यांची नसबंदीही केली जाई. सुओ मासासुए या संचालकाचा पुतळा त्याच्या हयातीतच उभारण्यात आला व रुग्णांना त्यास वंदन करावे लागे. १९४२ मध्ये एका रुग्णाने त्याची हत्या केली. कादंबरीत हा संचालक वेगळ्या नावाने येतो.

कथानायक चो बेक-हॉन हा लष्करी अधिकारी संचालक म्हणून बेटावर येतो. त्याचा हेतू प्रामाणिक आहे. तो रुग्णांचा फुटबॉल संघ उभारतो आणि समुद्रात बांध घालून त्यांना स्वतःची जमीन मिळवून देण्याचे काम हाती घेतो. तरीही रुग्णांचा विश्वास बसत नाही. नव्या पुतळ्याची भीती त्यांच्या मनात कायम असते. कुष्ठरुग्ण आईबापांच्या पोटी जन्मलेला यी सांग-उक हा अधिकारी त्याला विरोध करतो. ज्या स्वर्गाची निवड रहिवाशांनी केलेली नाही आणि जो सोडून जाता येत नाही, तो नरकच होय, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. शीर्षकातील अनेकवचनी ‘तुमचा’ या शब्दात हाच दुरावा आहे. पाक चुंग-ही यांच्या विकासवादी हुकूमशाहीचे रूपक म्हणूनही ही कादंबरी वाचली जाते, परंतु संचालकाला खलनायक न केल्यामुळे ती निव्वळ रूपकापुरती उरत नाही.

‘इओदो’

१९७४ ची ही दीर्घकथा जेजू बेटावरील दंतकथेवर आधारित आहे. इओदो हे समुद्रापलीकडचे बेट; ते पाहणारा परत येत नाही. समुद्रात बुडी मारून शिंपले व शेवाळ गोळा करणाऱ्या जेजूच्या स्त्रियांच्या गाण्यांतही त्याचे नाव येते. कथेत नौदलाच्या शोधमोहिमेत बेट सापडत नाही आणि सोबत गेलेला स्थानिक पत्रकार बेपत्ता होतो. अखेरीस त्याचा मृतदेह जेजूच्याच किनाऱ्याला लागतो. किम की-यंग यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट काढला.

जेजूची दुसरी बाजू

मधुचंद्राचे रम्य स्थळ म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या जेजूवर १९४८ पासून झालेल्या दडपशाहीत अंदाजे २५,००० ते ३०,००० लोक मारले गेले. त्यावर अनेक दशके मौन पाळले गेले. मूळचे जेजूचे लेखक ह्यॉन गी-यंग यांनी १९७८ मध्ये ‘सून-ई सामचॉन’ या कथेतून ते मोडले. ‘सामचॉन’ म्हणजे प्रमाण कोरियन भाषेत काका. जेजूच्या बोलीत मात्र वडीलधाऱ्या स्त्रीलाही हेच संबोधन वापरतात आणि कथेतील सून-ई ही स्त्री आहे. हत्याकांडातून वाचलेली ही स्त्री अनेक वर्षांनी आत्महत्या करते. कथेच्या प्रकाशनानंतर लेखकाला अटक करून छळण्यात आले व पुस्तकावर बंदी घालण्यात आली.