कोर्टाची पायरी आणि कायद्याचे विद्यार्थी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीत व्यवहारज्ञान आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले जमिनीचे दावे, वकिलांची फी, तारखांमागून तारखा आणि शेवटी दोन्ही पक्षांच्या हाती आलेली करवंटी, हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला नवे नाही. परंतु ही म्हण ज्याने रचली त्याला पायरी चढावी की न चढावी हे ठरवण्याची मोकळीक होती, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जो कच्चा कैदी म्हणून वर्षानुवर्षे तुरुंगात पडला आहे, जिला संरक्षणाच्या नावाखाली भिंतीआड ठेवले आहे, ज्याला अर्जनवीसाच्या हातावर ठेवायला चार रुपये नाहीत, त्यांचा शहाणपणाशी संबंधच येत नाही. त्यांच्या दृष्टीने पायरीच दूर आहे. ही दूरची पायरी त्यांच्याजवळ नेण्याचा जो प्रयत्न आपल्या देशात गेल्या अर्धशतकात झाला, त्यात कायद्याच्या अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा वाटा किती होता, हे येथे सांगण्याचे आम्ही योजले आहे. हा इतिहास मुख्यतः दिल्लीत घडला. पण त्याचे धागे चंद्रपूरपर्यंत, पुण्यापर्यंत आणि कामठीपर्यंत पोचतात, म्हणून परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस तो परका वाटणार नाही.

गरिबाची बाजू मांडणारा वकील ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १८७० साली पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे पेशाने वकील होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. मुंबईत १९२४ साली लीगल एड सोसायटी निघाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधिसाहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. १९५८ साली सेटलवाड यांच्या विधी आयोगानेही आपल्या चौदाव्या अहवालात या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. पुढे काय झाले, हे सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांस सांगायला नकोच. शिफारशी स्वीकारार्ह ठरल्या, निधीचा प्रश्न उपस्थित झाला आणि कागद कपाटात गेले. एवढे मात्र खरे की, वडिलांनी हाती घेतलेले हे काम मुलाने सोडले नाही. नटवरलालांचे चिरंजीव प्रफुल्लचंद्र भगवती यांनी आधी गुजरातेत आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात ते पुढे नेले.

कायद्याची महाविद्यालये या काळात काय करीत होती? वैद्यकाचा विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो. कायद्याचा विद्यार्थी मात्र पदवी हाती पडेपर्यंत एकही अशील पाहत नसे. त्याला माणसे भेटत ती निवाड्यांच्या खंडांतून, वादी आणि प्रतिवादी या रूपात. त्यांना चेहरा नसे आणि भूकही नसे. सकाळी किंवा सायंकाळी तासांना हजेरी लावावी, टिपणे पाठ करावी आणि सनद घ्यावी, असा शिरस्ता होता. १९७० च्या सुमारास दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत काही अध्यापक व विद्यार्थी यांनी स्वेच्छेने विधिसेवा केंद्र चालवण्यास आरंभ केला. बनारस येथेही अशीच हालचाल झाली. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने आपल्या अहवालात विधिसाहाय्याच्या कामी विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे, असे स्पष्ट सुचवले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम घटनेत आले आणि निर्धनाला विनामूल्य विधिसाहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीविषयी मत कसेही असो, हे एक कलम तिच्यातून चांगले निघाले असे आम्हांस वाटते.

कलमे आपोआप चालत नाहीत. त्यांना चालवणारी माणसे लागतात. यांपैकी पहिले माणूस आमच्या वाचकांच्याच जातकुळीचे, म्हणजे सरकारी अधिकारी होते. कामठीस जन्मलेले आणि जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीसदलात उमेदवारी केलेले खुस्रो रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य या नात्याने त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. आरोपातील गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकली असती, तिच्याहून अधिक काळ तुरुंगात काढलेले, पण खटलाच न चाललेले कैदी त्यांना तेथे आढळले. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी हे वृत्तपत्रातून मांडले, ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 'हुसैनारा खातून' या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध झाले. अशा कैद्यांना सोडण्याचे आदेश निघाले, आणि विनामूल्य वकील मिळणे हा न्याय्य खटल्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. तुरुंगाच्या भेटवहीत सही करून परतणारे अधिकारी त्यापूर्वी शेकड्यांनी होऊन गेले असतील. रुस्तमजींनी जे पाहिले ते लिहिले, इतकाच फरक.

त्याच वर्षी दुसरी घटना घडली, आणि तिचे मूळ आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात होते. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. निवाडा खंडात छापला गेला आणि वर्षभर कोणी काही बोलले नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये दिल्ली विद्यापीठातील उपेन्द्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांस उद्देशून खुले पत्र लिहिले. चौघांपैकी दोन नावे मराठी, आणि ज्यांना पत्र लिहिले ते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडही पुण्याचेच. भिऊन गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. ठाण्यात, रात्रीच्या वेळी, पोलिसांसमोर एका मजूर मुलीने कोणता प्रतिकार करावयाचा होता, हा त्यांचा प्रश्न होता.

न्यायालयाने निर्णय बदलला नाही. परंतु पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या, ठिकठिकाणी स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि ८ मार्च १९८० रोजी निरनिराळ्या शहरांत मोर्चे निघाले. १९८३ साली संसदेने फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. पीडितेचे नाव छापण्यास मनाईही त्याच कायद्याने केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या दोन्ही तरतुदी कायम आहेत. त्या मुलीचे नाव मात्र त्या प्रकरणालाच कायमचे चिकटले आणि पुस्तकापुस्तकांतून छापले जात राहिले. तिच्यामुळे इतरांना जे संरक्षण मिळाले ते तिला स्वतःला मिळाले नाही. म्हणून आम्ही ते नाव येथे लिहिलेले नाही.

पुढची घटना आग्र्याची. १९८१ साली तेथील सरकारी संरक्षणगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या दुर्दशेची वार्ता वृत्तपत्रात आली. ती वाचून बक्षी आणि सरकार यांनी सर्वोच्च न्यायालयास एक साधे पत्र पाठवले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायमूर्ती भगवतींनी एका प्रसिद्ध निवाड्यात, जो स्वतः न्यायालयात येऊ शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही सद्‌हेतूने यावे, हे तत्त्व विस्ताराने मांडले, तेव्हा या आग्र्याच्या पत्राचाही उल्लेख केला. संरक्षणगृहाची पाहणी करण्याचे काम तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे आले. प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि १९९७ साली देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवण्यात आले. एक गृह नीट चालावे यासाठी सोळा वर्षे न्यायालयाला लक्ष ठेवावे लागले, हे शासनाला भूषणावह नाही. अध्यापकांचे पाहून शिष्यही सरसावले. दिल्लीतील अशाच एका स्त्रीगृहाविषयीची याचिका पुढे सर्वोच्च न्यायालयात आली, ती विधी विद्याशाखेतील एक तृतीय वर्षाचा विद्यार्थी आणि एक समाजकार्यकर्ता अशा जोडीने आणली होती. ज्याला अजून सनद मिळालेली नाही, तोही देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचे दार वाजवू शकतो, हे त्यामुळे दिसून आले.

या सगळ्यांत विशेष बुद्धिवैभव होते असे नाही. जाऊन पाहणे, विचारणे, तारीख-वार टिपून ठेवणे आणि योग्य ठिकाणी लिहिणे, एवढेच ते काम. याविषयीचा एक स्वानुभव येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही नोकरीस असताना कायद्याचे पाचसहा विद्यार्थी आमच्या कचेरीत आले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने अडकून पडलेल्या कैद्यांची यादी त्यांना हवी होती. आम्ही त्यांना बसावयास सांगितले, चहा दिला आणि वरिष्ठांची लेखी परवानगी आणण्यास सांगून वाटेला लावले. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नव्हते. काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशावरून तीच यादी आम्हांस आठ दिवसांत तयार करावी लागली. तिच्यातली सारी नावे आमच्याच नोंदवह्यांत होती. त्या विद्यार्थ्यांना आम्ही यादी दिली नाही, हे एक वेळ क्षम्य मानता येईल. त्यांनी विचारल्यानंतरही आम्ही स्वतः ती वही उघडून पाहिली नाही, याची टोचणी मात्र आजही जात नाही. मधल्या काळात यादीतली माणसे आतच होती.

विद्यार्थ्यांच्या या कामाला पुढे कायद्याचे अधिष्ठान मिळाले. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. विद्यापीठांत व विधी महाविद्यालयांत विधिसेवा केंद्रे स्थापण्यास उत्तेजन देणे, हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे एक कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तर प्रत्येक विधी महाविद्यालयात असे केंद्र आवश्यक केले. वसुधा धगमवारांनी १९८५ साली दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढून सामान्य माणसाला त्याचा कायदा त्याच्या भाषेत समजावण्याचे काम चालू केले, तेही याच परंपरेतले.

परंतु जे सक्तीचे होते ते पुष्कळदा नावापुरते उरते. आज अनेक महाविद्यालयांत केंद्राची पाटी असते, वर्षातून एकदा खेड्यात शिबिर होते, पाहुण्यांना हार घातला जातो, छायाचित्र निघते आणि अहवाल पाठवला जातो. गावकरी ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला दुसऱ्या वर्षी कोणी जात नाही. कारण विद्यार्थी पुढच्या वर्गात गेलेले असतात. हा दोष विद्यार्थ्यांचा म्हणता येणार नाही. पहिल्या पिढीपुढे अध्यापक स्वतः पत्र लिहिताना उभे होते. शिक्षकच जेथे फक्त अहवाल लिहितात, तेथे विद्यार्थी दुसरे काय शिकणार?

आमच्या वाचकांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, विद्यार्थी ज्या दारांवर येतात ती दारे पुष्कळदा आपली असतात. तुरुंग, सुधारगृह, तहसील, रुग्णालय, मजुरांचे कार्यालय, यांच्या नोंदवह्या आपल्या ताब्यात आहेत. परक्या प्रांतात आपणही एका अर्थी बाहेरचे असतो. तेथील गरिबाची भाषा आपल्यापेक्षा त्या विद्यार्थ्याला चांगली कळते. उद्या कोणी असा विद्यार्थी हातात वही घेऊन आला, तर त्याला जे देणे नियमात बसेल ते द्यावे, आणि जे बसत नसेल ते निदान आपण स्वतः उघडून पाहावे. एवढे आम्ही केले असते, तर त्या यादीतली काही माणसे चार महिने आधी घरी गेली असती.