उपासनास्थळांचे संरक्षण आणि शासकीय निधी : खानदेशातील भाविकांसाठी माहिती

जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात मोडतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातील चर्चपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील लहान प्रार्थनागृहांपर्यंत येथील ख्रिस्ती उपासनास्थळे विखुरलेली आहेत. धार्मिक द्वेषातून त्यांवर हल्ला झाल्यास शासनाकडून कोणते आर्थिक साह्य मिळते, याची माहिती प्रत्येक धर्मग्रामाला असणे आवश्यक आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. डिसेंबर १९९८ मध्ये नाताळच्या सुमारास, साक्री-नवापूरला लागून असलेल्या गुजरातमधील डांग जिल्ह्यात अनेक प्रार्थनागृहे जाळण्यात व मोडण्यात आली. द्वेषाची झळ इतर समाजांनाही बसली आहे. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळे शहरात उसळलेल्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मृत्युमुखी पडले.

इतर देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये २०१६ पासून उपासनास्थळांच्या सुरक्षेसाठी शासकीय योजना आहे. द्वेषमूलक गुन्ह्यांचा धोका असलेल्या स्थळांना तीमधून कॅमेरे, कुंपण व धोक्याची घंटा यांसाठी साह्य मिळते. अमेरिकेतही धोका असलेल्या धार्मिक व सेवाभावी संस्थांना संघीय शासन सुरक्षा-अनुदान देते. दोन्ही ठिकाणी हल्ला होण्यापूर्वीच निधी देण्याची तरतूद आहे.

भारतातील स्थिती

भारतात अशी केंद्रीय योजना नाही. संविधानाच्या कलम २७ नुसार, ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्चिले जाते, तो कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हल्ल्यात मोडलेल्या वास्तूच्या दुरुस्तीला हे कलम आड येते काय, हा वाद २००२ च्या दंगलीनंतर गुजरातमध्ये उभा राहिला. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने राज्य शासनाला भरपाई देण्याचा आदेश दिला. मात्र २९ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून राज्याची सानुग्रह साह्याची योजना मान्य केली. तीनुसार प्रत्येक वास्तूस घराप्रमाणेच कमाल ५०,००० रुपये देण्याचे ठरले. गुन्ह्याची नोंद झालेली असावी, मालकी किंवा व्यवस्थापनाचा हक्क सिद्ध व्हावा आणि वास्तू अनधिकृत नसावी, अशा अटी त्यात होत्या.

सानुग्रह साह्य म्हणजे हक्काची पूर्ण भरपाई नव्हे. शिवाय ज्याच्याजवळ कागद नाही, तो या साह्यालाही मुकतो. आदिवासी पाड्यांवरील प्रार्थनागृहांपुढे ही अडचण विशेष आहे. ती पुष्कळदा एखाद्या भाविकाच्या घरात वा शेतात असतात. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना हस्तांतरित करण्यावर कायद्याने निर्बंध असल्याने जागा संस्थेच्या नावे करणेही सोपे नसते.

धर्मग्रामांनी काय करावे?

१. सातबारा उतारा, मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि सार्वजनिक न्यास नोंदणीचा दाखला यांच्या प्रती धर्मग्रामात व अन्यत्रही जपून ठेवाव्यात.

२. वास्तू, मूर्ती व दफनभूमी यांची दिनांकित छायाचित्रे घ्यावीत आणि वास्तूचा विमा उतरवावा. विम्यात दंगलीपासूनचे संरक्षण समाविष्ट आहे याची खात्री करावी.

३. घटना घडल्यास साफसफाई करण्यापूर्वी पोलिसांना कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत उपासनास्थळाच्या विटंबनेसाठी कलम २९८ व दफनभूमीच्या विटंबनेसाठी कलम ३०१ आहे.

४. धोका जाणवताच पोलीस अधीक्षकांना लेखी कळवून पोच घ्यावी. जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिला आहे.

५. दखल न घेतल्यास राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार करावी.

निधी असो वा नसो, नागरिकांचे व त्यांच्या उपासनास्थळांचे रक्षण हे शासनाचे कर्तव्यच आहे. ते मागताना आपण केवळ चर्चपुरते बोलू नये. शेजारच्या मंदिराला, मशिदीला व विहारालाही तेच संरक्षण मिळावे, असा आपला आग्रह असला पाहिजे.