हरकत कुणाची?

कोर्टाच्या कागदात एक साधा शब्द असतो: हरकत. दुसऱ्याच्या हक्काला, वहिवाटीला आडवं जाणं. दावा लावणाऱ्यानं आधी आपला हक्क शाबीत करायचा, मग समोरच्यानं तो मोडला हे दाखवायचं. आता महाड बघा.

1923 च्या बोले ठरावानं सार्वजनिक पाणवठे आपल्याला मोकळे केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले आणि डोकी फुटली ती आपल्या माणसांची. वर शेण-गोमूत्राच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तशी सवर्णांनी दिवाणी कोर्टात धाव घेतली. दावा नंबर 405. म्हणे तळं खाजगी, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादी, आणि प्रतिवादी आंबेडकर तिला हरकत करतात! मार खाणाराच हरकत करणारा ठरला. (मिलच्या गेटवर हक्काचा पगार मागायला उभं राह्यलं तरी शांततेचा भंग आपणच करतो, तसंच.)

14 डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. पुरावा तपासायचा बाकी, पण पाणी बंद. 25 ला मनुस्मृती जळाली, तळ्याला मात्र नुसता वेढा घालून मोर्चा परतला. हजारो माणसं तहान गिळून गेली. बाबासाहेबांचा हिशेब होता, भांडण सवर्णांशी आहे, ते सरकारशी लावून द्यायचं नाय.

मग दहा वर्षं तारखा. महाड, ठाणे, मुंबई हायकोर्ट. 17 मार्च 1937 ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला: वहिवाट अनादी असल्याचं शाबीत नाही. आपण जिंकलो. पण निकाल नीट वाचा. वहिवाट शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे कदाचित पाहावं लागलं असतं, एवढं म्हणून कोर्ट थांबलं. म्हणजे आपण जिंकलो ते वहिवाटीच्या वयावर, माणूसपणावर नाय. ती आणखी जुनी निघाली असती तर?

ते दार घटनेनं 1950 मध्ये बंद केलं, कलम 15 नि 17 नं. 1955 च्या कायद्यानं, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, शब्दच उलटा फिरवला. सातव्या कलमात हक्क बजावणाऱ्याला अडवणं, त्रास देणं हाच गुन्हा. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या पुढं गेला. तेव्हा विहिरीवर आपल्या बाईला अडवलं आणि ठाण्यात 'आपसातलं भांडण' असं लिहून घेऊ लागले, तर त्या कागदावर अंगठा देऊ नका.