धर्माचा रकाना



महाड-पोलादपूरच्या माणसाला कोर्ट नवीन नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा स्पृश्यांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो मोडला नाही, आणि दावाही सोडला नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने सांगितले, अनादि काळापासूनची वहिवाट शाबीत होत नाही. पाणी प्यायल्यापासून दहा वर्षे गेली.

तिथे आडवी आली ती रूढी. धर्माच्या बाबतीत मात्र खुद्द सरकारचा कागदच आडवा आला. हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

घटनेचे २५ वे कलम सांगते, कोणताही धर्म माना, आचरा, त्याचा प्रसार करा. आणि त्याच १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, आणि बौद्ध झालेल्यांच्या सवलती गेल्या. गावाने जात सोडली नव्हती हो, सोडली ती फक्त सरकारी कागदाने!

नागपूरचे डॉ. मेश्राम १९६२ साली राखीव जागेवरून आमदार झाले. सुप्रीम कोर्टाने १९६४ साली त्यांची निवड रद्द केली. कारण एकच, त्यांनी जाहीरपणे बौद्ध धर्म स्वीकारला होता. म्हणजे धर्म मानायला मोकळीक, पण मानलात तर किंमत मोजा.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांचे दार मात्र बंदच. १९६४ च्या डिसेंबरात रिपब्लिकन पक्षाने देशभर तुरुंग भरले, त्यातही ही मागणी होती. अखेर १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने कायदा दुरुस्त करून 'बौद्ध' हा शब्द घातला. दीक्षेपासून ३४ वर्षे.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू, जात महार. घरात बुद्धाची तसबीर, रोज वंदना. बापाला विचारले तर म्हणायचा, "पोस्टात, रेल्वेत चिकटायचं झालं तर?" मला तेव्हा फार राग यायचा. पण चूक त्याची नव्हती, रकान्याची होती.

मुलाच्या दाखल्यावर मी धर्म बौद्ध लावला. बाप तेव्हा हयात होता. त्याला वाचता येत नव्हते. तो रकाना त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.