गुरुजींच्या डोक्यातली गर्दी

टाचणे म्हणजे मोठमोठे सैल टाके घालून कापड तात्पुरतं जोडणं. पक्की शिलाई नंतर. शाळेतल्या मास्तरांच्या रोजच्या वहीला ‘टाचणवही’ हे नाव ज्या कुणी दिलं, त्याच्या डोक्यात हेच असणार असं मला उगीचच वाटत आलंय. उद्या कोणत्या तासाला काय घ्यायचं ते चार ओळींत टाचून ठेवायचं, म्हणजे रात्री ते ओझं डोक्यातून उतरवून वहीत ठेवता येतं. हेतू इतका साधा. पण पुढे त्या वहीवर सही करायला साहेब आले, आणि वही मास्तरांची राहिली नाही. ती साहेबांची झाली.

माझी भाची जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी चार वर्ग, शिक्षक दोन. (त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार, म्हणजे हिशेब तुम्हीच करा!) दिवाळीत आली होती तेव्हा मी म्हटलं, दमतेस का गं फार? तर म्हणाली, “शिकवून नाही दमत आत्या, लक्षात ठेवून दमते.” हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, आवक-जावक, डेडस्टॉक, शेरेबुक, पालकभेटीची वही, पोषण आहाराची रोजची नोंद... तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बोटं संपली. शिवाय मोबाईलवरचे ग्रुप. रात्री नऊला निरोप, ‘माहिती आजच सादर करावी.’

तिच्यासाठी म्हणून मी शोधायला लागले की मास्तर लोकांचं डोकं हलकं करायचे प्रयत्न याआधी कुणी केलेत का. केलेत, आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रयत्नाचं मूळ आपल्याच ओट्यावर सापडलं.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत कागद जवळजवळ नव्हताच. देवळाची ओसरी नाहीतर कुणाच्या वाड्याची पडवी, धूळपाट्या, दहा-पंधरा मुलं. कुणी मुळाक्षरं गिरवतोय, कुणी पावकी-निमकी घोकतोय, कुणी मोडीचा कित्ता घेऊन बसलाय. इयत्ता नाहीत, प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर. एवढ्या पायऱ्या पंतोजी सांभाळायचे कसे? मोठी मुलं लहानांना सांगायची आणि संध्याकाळी सगळ्यांचा मिळून परवचा व्हायचा. मुलांच्या अर्ध्या चुका तिथेच, एकमेकांच्या कानांवर पडून सुधारायच्या. (उगाच हळवं व्हायला नको. त्या ओसरीवर मुलींना आणि ‘अस्पृश्य’ ठरवलेल्यांच्या मुलांना जागा नव्हती, आणि अंगठे धरून उभं करण्यापासून पुढच्या शिक्षांबद्दल जुन्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय.)

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकातल्या इक्केरीच्या बाजूला गेला होता. एका देवळाच्या ओसरीत त्याला काही मुलं दिसली. मुलं धडा सुरात म्हणत होती आणि म्हणता म्हणता जमिनीवरच्या वाळूत बोटाने अंक लिहीत होती. आधीचं पुसायचं, नवं लिहायचं. त्याने विचारलं, तुम्हाला शिकवतं कोण? तर मास्तर तिथे नव्हतेच! मुलं एकमेकांना शिकवत होती. हे त्याने घरी पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवलंय. तमिळ मुलखातल्या तिण्णै शाळांत, म्हणजे ओट्यावरच्या शाळांत, अशा मोठ्या मुलाला ‘सट्टाम्पिळ्ळै’ असं नावसुद्धा होतं. आपल्याकडचा मॉनिटर.

पुढे अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८७ साली मद्रासला आले. १७८९ साली त्यांनी एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेची जबाबदारी घेतली. ही मुलं गोऱ्या सैनिकांची, बहुतेकांच्या आया हिंदुस्थानी. शाळेतले पगारी मास्तर बेलना काही पसंत नव्हते. त्यांनी कुठल्याशा देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिलं आणि आपल्या मास्तरांना सांगितलं, तसं करा. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. (वरून आलेल्या नव्या योजनेचं असं स्वागत तेव्हाही होत होतं तर! :) मग बेलनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यात खालचा वर्ग दिला. मास्तरांना जे जमत नव्हतं ते त्या पोराने करून दाखवलं. हळूहळू बेलनी अख्खी शाळाच मुलांच्या हाती दिली आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तिका छापली.

लंडनमध्ये साधारण त्याच सुमारास जोसेफ लँकास्टर हा विशीतला तरुण गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. मुलं शेकड्यांनी यायची आणि जास्तीचे मास्तर ठेवायला पैसे नव्हते. त्याने ही पद्धत पार टोकाला नेली. एक प्रचंड मोठी खोली, ओळीने बाकं, दर दहा-बारा मुलांमागे एक मॉनिटर. पुस्तकं परवडत नाहीत म्हणून धडे मोठ्या अक्षरांत छापून पुठ्ठ्यांवर लावलेले आणि त्यांच्यापुढे मुलं अर्धवर्तुळात उभी. टोप्या हरवू नयेत म्हणून प्रत्येकाने आपली टोपी दोरीने पाठीवर लटकवायची, तीही हुकूम सुटल्यावर, सगळ्यांनी एकदम. हजेरी मॉनिटर घेणार, पाट्या मॉनिटर वाटणार, कोण पुढे सरकला ते मॉनिटर सांगणार. मास्तरने नुसतं उंचावर उभं राहून बघायचं. एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकेल असा त्याचा दावा होता.

व्यवस्था म्हणून बघितलं तर लँकास्टर ग्रेटच म्हणायला हवा. मास्तरच्या डोक्यातली एकूण एक बारीकसारीक गोष्ट काढून त्याने ती कुठेतरी टांगली, भिंतीवर, दोरीवर, नाहीतर पोरांच्या मानेवर. शेवटचं मी शब्दशः म्हणतेय. शिक्षा म्हणून मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायची किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगायची पद्धत याच गृहस्थाची. गोंगाट आवरला, हिशेब बसला, पण दुसऱ्या मुलाने घोकून घेतलेलं घोकण्यापलीकडे त्या शाळांतून फारसं काही निघेना. १८४६ पासून इंग्लंडने मॉनिटरऐवजी तेरा वर्षांवरच्या, थोडा पगार मिळणाऱ्या उमेदवार शिक्षकांची पद्धत आणली.

गंमत बघा, आपल्याच ओसरीवरची ही युक्ती विलायतेची वारी करून आपल्याकडे परत आली. १८१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या एज्युकेशन सोसायटीच्या शाळा बेलच्या पद्धतीवर चालायच्या. मग १८२० च्या दशकात देशी शाळांसाठी निघालेल्या मंडळीने (कॅप्टन जॉर्ज जर्विस आणि बापू छत्रे हे तिचे चिटणीस) पाहणी केली. त्यांना उणिवा दिसल्या त्या अशा: पुस्तकं नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत, पैसा नाही. उपाय म्हणून त्यांनी लँकास्टरची पद्धत सुचवली! पंतोजींना ती नवी वाटली असेल की पोरांच्या हाती शाळा द्यायचं हे खूळ ओळखीचंच वाटलं असेल, कोण जाणे.

इथपर्यंत प्रश्न शिकवण्याच्या ओझ्याचा होता. कागदाचं ओझं नंतर आलं. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो याने अनुदान मुलाच्या हजेरीशी आणि परीक्षेशी बांधलं. सरासरी हजेरीच्या प्रत्येक मुलामागे चार शिलिंग, आणि परीक्षेला बसलेल्या मुलामागे आणखी आठ. वाचन, लेखन, गणित यांतल्या ज्या विषयात मूल नापास होईल त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. झालं, हजेरीपत्रक म्हणजे तिजोरीच झाली. तपासणीच्या दिवशी आजारी पोरंसुद्धा पांघरुणात गुंडाळून शाळेत आणली गेली. स्वतः शाळातपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी याविरुद्ध कडाडून लिहिलं, तरी ती पद्धत मोडायला १८९० चं दशक उजाडलं. आपल्या इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याचा प्रयोग झालाच. दिपोटी येणार म्हणून सारवलेली शाळा आणि थरथरणारे मास्तर आपल्या जुन्या आठवणींच्या पुस्तकांत जागोजाग भेटतात ते उगीच नाही.

आता जे सांगणार आहे ते वाचून मी बराच वेळ थांबले होते. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात खेड्यातल्या मास्तरांबद्दल लिहिलंय. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस हवा. आणि पुढे म्हटलंय की या मास्तरांना गावच्या कारभारात घ्या. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल, स्टँपविक्री अशी कामं त्यांच्याकडे दिली तर त्यांचा दर्जा वाढेल आणि गावावर त्यांचा चांगला प्रभाव पडेल.

म्हणजे जास्तीची कामं फुल्यांनी मागितली होती! भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं हसतच होती. पण नीट बघितलं तर फुल्यांचं म्हणणं अगदी वेगळं आहे. दस्त नोंदवणाऱ्याकडे, टपालवाल्याकडे गाव चालत येतं. मास्तर गावाला लागणारा माणूस होतो. शिवाय ही मागणी पगारवाढीच्या मागणीला जोडून आहे. पुढे मास्तरांच्या वाट्याला जे आलं ते उलट्या दिशेने. मास्तर गावात मोजणीला फिरतो आणि माहिती वर जाते, पण गावाला त्याचा उपयोग दिसत नाही आणि मास्तरचा मानही वाढत नाही.

अलीकडचं भराभर सांगते, तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी हे घडलेलंच आहे. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली द्यायचं ठरवलं, ते खरोखर डोकं हलकं करणारं होतं. १९९५ साली पोषण आहार आला. मुलांसाठी तो हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण आधी घरी न्यायचे तांदूळ होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण झालं, आणि डाळ-तेल-मिठाचा ग्रॅमचा हिशेब शाळेच्या टेबलावर आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितलं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावायचं नाही. त्याच कायद्याने आठवड्याचे ४५ तास ठरवताना तयारीचा वेळही त्यात धरला. कागदावर किती शहाणपण! पण पाठोपाठ २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. कल्पना सुरेख होती, पण थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळायला लागल्या. आणि २०१५ साली माहिती ऑनलाईन भरायची जी प्रणाली आली तिचं नाव काय, तर ‘सरल’. (नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.)

या सगळ्यात मला मनापासून पटलेलं काम एकच. आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या लोकांनी आसपासच्या खेड्यांत एकशिक्षकी शाळा काढल्या. तिथे पद्मनाभ राव आणि रमा या जोडप्याने पाठ्यपुस्तकाचे तुकडे करून त्यांची कार्डं केली. कार्डावर चित्राची खूण. भिंतीवर शिडी, शिडीवर त्याच खुणा क्रमाने. मूल येतं, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघतं, ते कार्ड उचलतं. काही कार्डं एकट्याने करायची, काही दुसऱ्या मुलाबरोबर, काही बाईंजवळ बसून. आठ दिवस शेतावर गेलेलं मूल परत आलं तरी आपल्याच पायरीवरून पुढे जातं. कोण कुठे आहे हे बाईंनी डोक्यात ठेवायची गरजच उरत नाही, ते शिडीवर असतं! हे बघून मैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी १९९५ मध्ये ‘नलि-कलि’ सुरू केलं, आणि ते पुढे कर्नाटकभर गेलं. तमिळनाडूतही २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या शाळांपासून तशीच सुरुवात झाली. सरकारी हुकमाने राज्यभर पसरल्यावर त्यातही कार्डं वेळेवर न मिळणं, खुणा भरण्यासाठी भरणं हे आलंच. पण जिथे शिक्षकांनी स्वतः हात घातला तिथे ते चाललं.

लँकास्टरने मास्तरला मुलांपासून दूर, उंचावर नेऊन ठेवलं होतं. इथे बाई जमिनीवर बसल्या आहेत, चार मुलांबरोबर, आणि बाकीच्या वीस जणांची काळजी त्या तेवढ्यापुरती विसरू शकतात. मला हा फरक फार मोठा वाटतो.

भाचीला मी हे सगळं पाठवलं. तिने पहिली-दुसरीच्या गणितापुरती एक शिडी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूवर रंगवली आहे, आणि चौथीतली दोन मुलं सकाळी कार्डं लावून ठेवतात. त्यातला एक वर्षभर वर्गात बोलत नव्हता, तो आता लहानांना दटावतो म्हणे. टाचणवहीत तिने महिनाभर एकच ओळ लिहिली, ‘शिडीप्रमाणे’. केंद्रप्रमुखांनी त्याखाली शेरा मारलाय की सविस्तर लिहावे.