गोडसे भटजी दक्षिणेसाठी निघाले होते

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, आता खरंखुरं लिहिलेलं काहीतरी सांग वाचायला. इतिहासाचं चालेल, पण पाठ्यपुस्तकासारखं नको." शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. तिचा दहावीचा इतिहास मीच घेतला होता! तीन-चार नावं लगेच सांगितली, पण ती का सांगितली हे फोनवर काही नीट बोलता येईना. म्हणून आज लिहायला बसले.

पहिलं नाव अर्थातच विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या 'माझा प्रवास'चं. वरसई म्हणजे पेणजवळचं गाव. घर भिक्षुकाचं आणि डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत. म्हणजे दानधर्म होणार, दक्षिणा मिळणार. विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट निघाले, ते नेमके १८५७ साली! वाटेत महूच्या आसपास त्यांना पलटणीतले शिपाई भेटले आणि लवकरच काय होणार आहे ते त्यांनी सांगून टाकलं. परत फिरावं की पुढे जावं? घरी कर्ज होतं. ते पुढे गेले.

पुढे झाशीला त्यांना आश्रय मिळाला आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपूनछपून, जीव मुठीत धरून पाहिली. लूटसुद्धा कशी, तर टप्प्याटप्प्याने. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता आणि धान्य. लढाईचं वर्णन कुणीही करील, पण घरातली तपेली कितव्या दिवशी गेली हे ज्याच्या घरातून ती गेली तोच सांगतो. आणि आपण किती भ्यालो हे हा माणूस कुठेही लपवत नाही.

राणी पुढे त्यांना काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटली. घोड्यावरून आलेली, तहानलेली. हे पाणी काढून द्यायला लागले तर तिने त्यांना थांबवलं आणि स्वतःच मडकं विहिरीत सोडलं. हा प्रसंग मी वर्गात किती वेळा सांगितला असेल! मुलं अगदी चिडीचूप होत.

आता कबुली द्यायची वेळ आली. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. केस पांढरे झालेले, पण उभा राहिला तो वर्गात उभा राहावा तसाच. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगायचात ते पुस्तक शेवटी वाचलं. पण ते तर दक्षिणेसाठी गेले होते. तुम्ही सांगितलं होतंत की राणीची लढाई बघायला गेले."

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना रिक्षात मन काही थाऱ्यावर नव्हतं, कारण त्याचं खरं होतं. मी तसंच सांगत असे. तासिका पस्तीस मिनिटांची, मुलांनी ताठ बसावं अशी हौस, हे सगळं आहेच. पण तेवढंच नाही. माझे आजोबा कोकणात भिक्षुकी करत. पंचांग, चार घरचे यजमान, उपरण्यात बांधून आणलेले तांदूळ आणि नारळ, कनवटीला थोडी नाणी. वडील कचेरीत नोकरीला लागले आणि आम्ही शहरात आलो, तेव्हा आम्हा भावंडांना बजावून ठेवलं होतं की आजोबा काय करतात असं कुणी विचारलं तर 'शेती' म्हणून सांगायचं. शेती म्हणजे परसातले आठ माड! दक्षिणा हा शब्द आमच्याकडे बाहेरच्यांसमोर उच्चारला जात नसे. मी वर्गात तो गाळला, तो गोडसे भटजींसाठी नव्हे, माझ्यासाठी. (नातेवाईक मंडळींपैकी कुणाला हे इथे लिहिलेलं रुचणार नाही, ठाऊक आहे. पण आता आपण सगळेच साठी-सत्तरीला पोचलो. किती दिवस शेती सांगायची?)

या पुस्तकाचं तरी काय झालं पाहा. गोडसे भटजींनी हे १८८३ च्या सुमारास लिहिलं, ते चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांचं घराणं त्यांचं यजमान. वैद्यांनी ते १९०७ साली, भटजी गेल्यानंतर, प्रसिद्ध केलं. पण जसंच्या तसं नव्हे. भाषा घासूनपुसून घेतली, रचना बदलली, काही मजकूर गाळला. साल लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेला धाडलं. त्या दिवसांत बंडाची हकीकत छापणारा माणूस जपूनच पावलं टाकणार, त्याला मी नावं ठेवणार नाही. मूळ हस्तलिखित मात्र वैद्यांनी फेकलं नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ बखर छापली. म्हणजे एकोणसाठ वर्षं मराठी वाचक गोडसे भटजी म्हणून जे वाचत होते त्यात वैद्यांचा हात होता. भाचीबाई, तू घेशील ती प्रत पोतदारांच्या पाठावरची आहे ना, तेवढं बघून घे. वाक्यं लांबलचक आहेत, विरामचिन्हांचा जुना खाक्या आहे, पहिली वीस पानं अडखळायला होतं. नंतर समोर माणूस बसून बोलतोय असंच वाटतं.

त्यात सगळंच खरं आहे का? नाही. बंडाचं कारण सांगताना ते लिहितात की इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरवली आणि धर्माविरुद्धची चौऱ्याऐंशी कलमं पुढे ठेवली. अशी सभा काही झाली नव्हती. पण १८५७ साली रस्त्यावरच्या माणसाचा कशावर विश्वास बसत होता, हे त्यातून जितकं कळतं तितकं सरकारी कागदांतून कळायचं नाही. आमच्या वेळी बीएला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. चूक म्हणून त्यावर काट मारायला शिकवलं होतं.

आणि शेवट. इतकी पायपीट करून, मिळवलेलं बहुतेक सारं लुटलं जाऊन, हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातलं. कर्जाला मात्र गंगाजल चालत नाही. वाचताना हसू आणि रडू एकदमच येतं.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे बहुतेकांनी धड्यापुरतं वाचलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते, पूर्ण वाचा. त्याची सुरुवातही सत्तावन सालाशीच जाऊन भिडते. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की घरादाराचा जीव मेटाकुटीला आला. बंडाची झळ झाशीतच लागली असं नाही, नाशिककडच्या एका स्वयंपाकघरातही लागली. पुढे १८९५ साली नवऱ्याने ख्रिस्ती धर्म घेतला, पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनीही घेतला. मधली वर्षं कशी गेली ते मी सांगणार नाही. एवढ्या दुःखाची हकीकत इतकी हसत हसत लिहिता येते यावर वाचल्याशिवाय विश्वास बसायचा नाही. मराठी न वाचणाऱ्या नातवंडांसाठी शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आलेला आहे.

तिसरी जोडी आहे, ती तोडू नका. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). आत्रे महसूल खात्यातले. बलुतेदारांच्या तीन ओळी, कुणाचा हक्क किती, कुणब्याच्या खळ्यावरून धान्य कसं कसं वाटलं जाई, इतकं बारीक दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण बघतात साहेबाच्या खुर्चीतून, आणि भटक्या लोकांविषयी जे लिहितात ते आज वाचवत नाही. मी 'बारा बलुतेदार' हा तक्ता फळ्यावर रंगीत खडूंनी काढत असे आणि गावात कसं सगळ्यांना आपापलं मिळायचं असं सांगत असे. मग 'बलुतं' हाती आलं. तेच खळं, तेच धान्य, पण ते मागायला उभं राहिलेल्या घरातून पाहिलेलं. त्यानंतर तो तक्ता काढताना हात जड होऊ लागला. महार वतन रद्द करणारा कायदा १९५८ सालचा, म्हणजे मी शाळेत जायला लागले होते तेव्हाचा. इतकं जवळचं होतं, आणि मी ते शिवकालाच्या धड्याबरोबर शिकवत होते.

गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' (१८६३) राहिलंच. आगगाडी सुरू होऊन दहा वर्षं झाली तेव्हाची मुंबई. ते सलग वाचायचं नाही, दुपारी पडल्यापडल्या कुठलंही पान उघडायचं.

असो. भाचीला 'माझा प्रवास'ची माझी प्रत पाठवते आहे. समासात पेन्सिलीने बरंच काही खरडलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नये.

आणि एक काम आहे. आजोबांची एक लांबट वही होती, लाल खारव्याची बांधणी, मोडीत यजमानांची नावं आणि पुढे कुणाकडून काय आलं त्याची नोंद. मी ती शेवटची माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पाहिली, घर विकायच्या आधी. भावंडांपैकी ज्या कुणाकडे ती पेटी गेली असेल त्याने कृपा करून उघडून बघावी. रद्दीत घालू नये. मोडी मला अजून वाचता येते.